प्रार्थनेत आलेला संदेश पारखायचा कसा?

वाड्यावरच्या प्रार्थना गटात, रिट्रीटच्या शेवटच्या रात्री किंवा घरातला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपून सगळे उठल्यावर एखाद्याला वाटतं, देव आत्ता माझ्याशी बोलला. कधी शब्द असतात, कधी चित्र, कधी वचनाची एखादी ओळ मनातून हलतच नाही. पुढे काय करायचं हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. मग माणूस एकतर लाजून ते गिळून टाकतो, नाहीतर सकाळ व्हायच्या आत ते अर्ध्या गावाच्या मोबाइलवर पोचलेलं असतं. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात या दोन्ही चुका एका दमात सांगितल्या: आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळं पारखा आणि चांगलं ते धरून ठेवा (१ थेस्सल. ५:१९-२१). हे पारखण्याचं काम प्रत्यक्षात कसं करायचं, ते पुढे दिलं आहे. मांडणी कॅथॉलिक आहे. इतर चर्चमधल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण शेवटचा निर्णय कुणाचा, इथे वाट वेगळी होते.

आधी मोजपट्टी

पारखायला बसण्यापूर्वी कशावर पारखायचं ते पक्कं हवं. इब्री लोकांस पत्राची पहिली दोन वाक्यं पाठच करावीत: पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे अंशाअंशाने बोलला, या शेवटच्या काळात तो पुत्राच्या द्वारे बोलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात, चौथ्या परिच्छेदात, याचा निष्कर्ष स्पष्ट लिहिला आहे. ख्रिस्ताच्या गौरवी पुनरागमनापर्यंत नवं सार्वजनिक प्रकटीकरण, म्हणजे सगळ्यांनी मानायलाच हवा असा देवाचा नवा संदेश, होणार नाही. प्रेषितांच्या काळाबरोबर ते पूर्ण झालं.

म्हणजे देव गप्प झाला, असं नाही. त्याच दस्तऐवजाचा आठवा परिच्छेद सांगतो की पवित्र आत्म्याच्या साहाय्याने, मिळालेल्या ठेव्याची समज चर्चमध्ये वाढत राहते. योहान १६:१३ मधला 'सर्व सत्यात नेणारा' आत्मा हेच काम करतो. ठेवा तोच राहतो, त्याची खोली दिसत जाते. आणि यापलीकडे तिसरी गोष्ट आहे, खाजगी प्रकटीकरण: एखाद्या व्यक्तीला किंवा समूहाला, त्या काळात तोच ठेवा अधिक निष्ठेने जगता यावा म्हणून मिळालेली मदत. कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला (कॅटेकिझममधला) ६७वा परिच्छेद बजावतो की ख्रिस्ताचं प्रकटीकरण सुधारणं किंवा पुरं करणं हे अशा संदेशांचं काम नव्हे.

गोव्यातल्या लोकांसाठी ही मोजपट्टी परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या धर्मगुरूने गोव्यातल्या सासष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्या कराराचं. जे सांगायचं ते सगळं त्या दोन पुराणांत आलं. तिसऱ्या पुराणाला जागाच नाही.

खाजगी प्रकटीकरणाची जागा कुठली, हे पाहायचं असेल तर जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमध्ये जा. तिथल्या एका बाजूच्या कपेलात (छोट्या प्रार्थनालयात) चमत्काराचा खुरीस (क्रूस) आहे. १६१९ साली या साध्या लाकडी खुरसावर ख्रिस्ताचं दर्शन झालं असं सांगतात. चारशे वर्षं लोक त्या खुरसापुढे गुडघे टेकत आले आहेत, आणि टेकावेतच. पण त्या दर्शनावर विश्वास ठेवण्याची सक्ती कुणावर नाही. फ्रान्समधलं लुर्द आणि पोर्तुगालमधलं फातिमा इथल्या मरियेच्या दर्शनांचंही तसंच. चर्चने मान्यता दिली म्हणजे 'विश्वास ठेवायला हरकत नाही' एवढंच म्हटलं. शंभर वर्षं लाखो लोकांनी जपलेल्या फातिमाच्या संदेशाला जे बंधन लावता येत नाही, ते काल रात्री आपल्याला आलेल्या शब्दाला कसं लावणार? एवढं मनात ठसलं की पुढची सगळी पारख निवांतपणे होते.

शेजारी दुसऱ्या चर्चमध्ये जात असतील तर वाद घालण्यापूर्वी त्यांची भूमिका समजून घ्या. काही प्रॉटेस्टंट परंपरा संदेशाचं दान प्रेषितांबरोबर संपलं असं मानतात. पेंटेकॉस्टल मंडळी ते चालू असल्याचं मानतात, पण पवित्र शास्त्रात भर घालत नाहीत. लॅटर-डे सेंट्स हे मात्र शास्त्रग्रंथांत नवी भर पडू शकते असं मानतात, आणि बाकीच्या सर्वांशी त्यांचा फरक नेमका तिथेच पडतो.

पहिल्या रात्री वही काढा

साधी शंभर पानी वही पुरते. मोबाइलवर लिहू नका. मोबाइलवर लिहिलेलं पुढे पाठवायला एक बोट लागतं, आणि पहिल्या चोवीस तासांत ते बोट आवरणं हेच सर्वांत अवघड काम असतं.

पानावर तारीख, वेळ आणि जागा घाला. मग जे आलं ते जसंच्या तसं, त्यात एकही शब्द न वाढवता लिहा. शब्द आले असतील तर तेच शब्द. चित्र असेल तर जे दिसलं तेवढंच. कानांनी ऐकू आलं, मनात उमटलं, स्वप्नात आलं की वाचताना ओळ लागली, तेही नोंदवा. त्याखाली शरीराची अवस्था: किती तास झोप झाली, उपवास होता का, ताप होता का, कुठलं औषध चालू किंवा बंद केलं, दारू घेतली होती का, घरात नुकतंच कुणी गेलं आहे का. ही नोंद लोकांना अपमानास्पद वाटते आणि म्हणून ते टाळतात. पण तीन दिवसांच्या जागरणानंतर आलेला शब्द आणि शांत झोपेनंतरच्या सकाळी आलेला शब्द यांचं वजन सारखं धरता येत नाही, आणि महिन्याभराने यातलं काहीच आठवत नाही.

पानाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडा. तिथे दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी मनाची स्थिती दोन-दोन ओळींत लिहायची आहे.

तीन थर वेगळे करा

बहुतेक घोटाळे इथे होतात, म्हणून इथे थांबू. प्रत्येक संदेशात तीन थर असतात: जे मिळालं ते, त्याचा लावलेला अर्थ, आणि त्यावरून ठरवलेली कृती. पहिला थर खरा असूनही दुसरा आणि तिसरा चुकू शकतात.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ उघडा. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरबंद घेतो, त्याने स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. एवढाच संदेश. तो ऐकताच सगळे पौलाला विनवू लागतात, जाऊ नका. 'जाऊ नका' हे अगब बोललाच नव्हता, ते ऐकणाऱ्यांच्या प्रेमाने जोडलं. पौलाने संदेश खरा मानला आणि तरीही तो गेला.

आता इथलं उदाहरण घ्या. समजा, गटातल्या एकीला प्रार्थनेत बंद दार दिसलं आणि 'थांब' हा शब्द आला. शेजारी बसलेल्या बाईच्या मुलाचे पोर्तुगीज पासपोर्टचे कागद चालू आहेत. दार म्हणजे पासपोर्ट, थांब म्हणजे पाठवू नको, असा हिशेब दोन मिनिटांत होतो आणि मुलाचं ठरलेलं जाणं बारगळतं. वहीत हे तीन ओळींत मांडा. मिळालं: बंद दार, 'थांब'. अर्थ: पासपोर्टशी संबंध, आमचा अंदाज. कृती: कागद रद्द करणं, हेही आम्हीच ठरवलेलं. असं लिहिल्यावर दिसतं की देवाच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यातलं जेमतेम एक दार आणि एक शब्द प्रार्थनेतून आला होता. 'थांब' हा त्या बाईला उगाच धावपळ न करता प्रार्थनेत बसण्याचा शब्द असू शकतो. तो मुळात बोलणारीसाठीच असू शकतो.

म्हणून असा संदेश सांगताना 'देव म्हणतो' हे शब्द वापरू नयेत. असं सांगावं: "ताई, प्रार्थना करताना माझ्या मनात एक बंद दार आलं. तुमच्याशी त्याचा काही संबंध आहे का, मला ठाऊक नाही. आपण फादरांना विचारून बघू." देवाच्या नावाची मोहोर लावली की समोरच्याला 'नाही' म्हणायची सोय उरत नाही.

मजकूर घासून पाहा

पहिला प्रश्न: हे शुभवर्तमानाच्या आणि चर्चच्या शिकवणुकीच्या विरुद्ध जातं का? गलतीकरांस १:८ मध्ये पौल म्हणतो, स्वर्गातल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती घेऊ नका. 'कुमसाराची (फादरांपुढे पाप कबूल करण्याची) गरज नाही, मी तुला थेट क्षमा केली आहे', 'या घरातली प्रार्थना मिस्सापेक्षा (चर्चमधल्या मुख्य उपासनेपेक्षा) मोठी', 'हे तुझ्या बिशपला कळू देऊ नकोस', असं काही आलं की पुढची पारख करायला नको. तिथेच थांबा.

दुसरा प्रश्न भाकिताचा. बायबलमधला 'अनुवाद' नावाचा ग्रंथ (१८:२२) सांगतो की जे बोललं ते घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हतं. पण घडलं म्हणून ते देवाचंच, असंही नाही. त्याच ग्रंथाचा तेरावा अध्याय बजावतो की चिन्ह खरं ठरूनही जो इतर देवांकडे नेतो त्याचं ऐकू नका. 'त्यांनी सांगितलेलं खरं झालं' हा युक्तिवाद म्हणून अर्धाच राहतो.

बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ आपल्यासाठी, या सवयीबद्दल वेगळं सांगायला हवं. संत ऑगस्टीनचं उदाहरण देतात: ३८६ साली मिलानला त्याने पौलाचं पत्र उघडलं आणि रोमकरांस १३:१३-१४ वाचून त्याचं आयुष्य बदललं. पण ते पुस्तक तो आधीपासून वाचत होता, आणि त्या ओळीने त्याला जे आधीच कळून चुकलं होतं ते करायला लावलं. जमिनीचा व्यवहार करावा की नाही हे त्याने विचारलं नव्हतं. ओळ लागलीच तर पूर्ण अध्याय वाचा, आणि ती ओळ तिथे कुणी, कुणाला, कशासाठी म्हटली ते लिहा. बहुतेक वेळा तेवढ्याने अर्थ ताळ्यावर येतो.

मनावर काय उमटलं

संत तेरेजा आव्हिलाकरीण या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश जोगिणीने अंतःकरणातल्या शब्दांच्या तीन खुणा दिल्या आहेत, आणि त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत. देवाचा शब्द जे म्हणतो ते घडवतो: 'भिऊ नको' आलं की भीती खरोखर जाते. तो मागे खोल शांती ठेवून जातो. आणि तो विसरला जात नाही. आपल्या मनाने रचलेलं वाक्य मात्र आपल्याला जुळवत बसावं लागतं आणि काही दिवसांत त्याचे शब्द बदलतात. वहीत पहिल्या दिवशीचे शब्द का लिहायचे, ते इथे कळेल: तिसाव्या दिवशी वही न बघता तोच संदेश पुन्हा लिहा आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. वाक्य लांबलं असेल, त्यात नावं किंवा तारखा शिरल्या असतील, तर ती भर तुमची आहे.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नासिय याने आत्म्यांच्या पारखीचे नियम दोन संच करून दिले, पहिला १४ नियमांचा, दुसरा ८ नियमांचा. त्यातला स्पंजाचा दाखला प्रसिद्ध आहे. देवाच्या वाटेवर पुढे जाणाऱ्या माणसाला चांगला आत्मा पाण्याचा थेंब स्पंजात शिरावा तसा हळुवार स्पर्श करतो, वाईट आत्मा थेंब दगडावर आपटावा तसा आवाज करत येतो. पण या नियमाचा दुसरा भाग लोक सोडून देतात: जो माणूस वाईटाकडून अधिक वाईटाकडे चालला आहे त्याच्या बाबतीत हे उलटं होतं. त्याला देवाचा स्पर्श बोचतो आणि मोह गोड वाटतो. म्हणून 'मला फार शांत वाटलं' एवढं पुरेसं नाही. माझं सध्याचं जगणं कुठल्या दिशेने चाललं आहे, हे आधी पाहावं लागतं.

दुसऱ्या संचातला आठवा नियम सर्वांत सूक्ष्म आणि अनुभवी लोकांसाठी सर्वांत गरजेचा. देवाकडून आलेलं सांत्वन खरं असतं, त्यात फसवणूक नसते. पण ते सरल्यानंतर मन अजून तापलेलं असतं, आणि त्या उबेत आपण आपले बेत करतो आणि तेही देवाचेच समजतो. म्हणून वहीत रेघ मारा: इथपर्यंत प्रार्थना, इथून पुढे माझा विचार. मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय मोडू नये, हा पहिल्या संचातला पाचवा नियमही वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

डॉक्टरकडे कधी

काही आवाज प्रार्थनेचे नसून आजाराचे असतात, आणि आजार हा पाप किंवा अविश्वास नव्हे. आवाज दिवसातून अनेकदा येतो, हुकूम करतो, शिव्या देतो, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो. झोप जवळजवळ बंद होऊनही अंगात भलताच जोर येतो. सगळे आपल्याविरुद्ध कट करत आहेत असं वाटतं. यातलं काहीही दिसलं तर प्रार्थना गट थांबवून त्या व्यक्तीला डॉक्टरकडे न्या. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक देशभर चालतो. तेरेजानेही अशांचं बोलणं आजारी माणसाचं बोलणं समजून ऐकावं, त्यांना रागावू नये, असंच सांगितलं होतं. 'औषध बंद कर, देव बरं करतोय' असा संदेश कुणीही कुणाला दिला तर तो पारखायला बसू नका. गोळ्या चालू ठेवायच्या.

एकट्याने ठरवू नका

शमुवेलाला रात्री तीनदा हाक आली आणि तीनही वेळा तो एलीकडे धावला (१ शमुवेल ३). हाक कुणाची आहे हे ओळखलं ते म्हाताऱ्या एलीने. संदेश मिळालेल्या माणसाने स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हा नियम इतका जुना आहे. इग्नासिय आणखी एक खूण देतो: शत्रूला सर्वांत जास्त भीती असते ती गोष्ट कुमसार ऐकणाऱ्या फादरांना कळण्याची. 'हे कुणाला सांगू नकोस' असं आतून दडपण येत असेल तर मुद्दाम सांगायला जा.

फादरांकडे मिस्सानंतर दारात गाठून दोन मिनिटांत सांगू नका. वेळ मागून घ्या, अर्ध्या तासाची, आणि वही घेऊन जा. आधी पहिला थर वाचून दाखवा आणि गप्प बसा. अर्थ त्यांनी विचारला तरच सांगा. ते 'थांबा' म्हणाले आणि तुम्हाला संताप आला, तर तो संतापही त्याच पानावर लिहायचा. पारखीत त्याचं वजन मोठं आहे.

गटात संदेश सांगायची पद्धत असेल तर १ करिंथकर १४:२९ ची मर्यादा पाळा: दोघांनी किंवा तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारखावं. आठ ते बारा जणांचा गट चांगला चालतो. प्रत्येक संदेश दोन-तीन वाक्यांचा असावा, त्यानंतर तीन मिनिटं शांतता. पारखणारे तिघे आधीच ठरलेले असावेत आणि ते बोलणाऱ्याच्या घरातले नसावेत. लग्न, मूल होणं, मरण, पैसा, जमीन, परदेश आणि औषध या सात विषयांवर गटात संदेश द्यायचाच नाही, असा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवा. कडक वाटेल. पण घरं मोडतात ती याच सात विषयांवरून, आणि मोडल्यावर संदेश देणारा तिथे नसतो.

मूर्ती, गर्दी, बिशप

मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं असं कळलं तर आधी हवामान बघा. जून ते सप्टेंबर इथे भिंतींनाही ओल येते. काचेच्या कपाटातली प्लास्टरची मूर्ती रात्री दिव्याने गरम होते, पहाटे गार पडते, आणि काचेच्या आत बाष्प धरतं. ते थेंब मूर्तीच्या खोलगट भागांत जमतात, म्हणजे डोळ्यांच्या कडांना आणि कपड्यांच्या चुण्यांत. कोरड्या कापसाने पुसा, कपाट उघडं ठेवा, दिवा बंद करा, तीन दिवस बघा. मेण, तेल आणि जुना रंगही उन्हाळ्यात ओघळतो. फोटो काढा, पण पाठवू नका. कुणाला आत घेऊ नका आणि दानपेटी तर अजिबात ठेवू नका. विगाराला (गावच्या चर्चच्या मुख्य फादरांना) त्याच दिवशी कळवा.

त्यापुढचं काम तुमचं नाही. १७ मे २०२४ रोजी रोममधून अशा घटनांच्या चौकशीचे नवे नियम जाहीर झाले आणि १९ मेपासून, म्हणजे त्या वर्षीच्या पेंटेकॉस्टपासून (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापासून), ते लागू झाले. १९७८च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. चौकशी बिशप करतो, समितीत किमान एक ईशज्ञानाचा जाणकार, एक चर्चच्या कायद्याचा जाणकार आणि घटनेच्या स्वरूपानुसार एक तज्ज्ञ असतो, आणि निर्णय जाहीर करण्यापूर्वी रोमची संमती लागते. निकाल सहा प्रकारचे. सर्वांत अनुकूल तो 'निहिल ऑब्स्टाट', म्हणजे हरकत नाही. बॉस्नियातल्या मेजुगोर्येला, जिथे मरियेची दर्शनं झाल्याचं सांगतात, सप्टेंबर २०२४ मध्ये हाच मिळाला. सर्वांत प्रतिकूल निकालात घटना अलौकिक नसल्याचं जाहीर होतं. अनुकूल निकालातही 'हे अलौकिकच आहे' असं आता सहसा म्हटलं जात नाही. चौकशीत पैशाचा, प्रसिद्धीचा आणि सत्तेचा मागमूस शोधतात, म्हणून आधी सांगितलेली दानपेटी.

वेळ लागतो हे गृहीत धरा. लुर्दची दर्शनं १८५८ सालची, बिशपचा निर्णय १८६२चा. फातिमा १९१७चं, निर्णय १९३०चा. त्या तेरा वर्षांत फातिमाच्या संदेशाचं काही बिघडलं नाही.

चुकलं असं दिसल्यावर

तिसाव्या दिवशी, किंवा वर्षाने, संदेश खरा नव्हता असं दिसलं तर पान फाडू नका. त्यावर तिरपी रेघ ओढा, तारीख घाला आणि कुठल्या थरावर चुकलं ते लिहा: शब्द, अर्थ की कृती. ज्यांना ज्यांना तो सांगितला होता त्यांच्याकडे स्वतः जाऊन सांगा, "तो माझा अंदाज होता, तो चुकला." गटात सांगितला असेल तर गटातच, पुढच्याच बैठकीत, सुरुवातीच्या प्रार्थनेपूर्वी. कुणी त्या संदेशावरून पैसे खर्च केले असतील किंवा ठरलेलं लग्न मोडलं असेल तर फादरांना सोबत घेऊन जा. मग तीन महिने गटात फक्त ऐका, आणि वही चालू ठेवा.